झटकाईचं अर्थिंग

"पाचवी तार नको," आप्पा म्हणाले. "बाकी तुला पटेल ती केबल आण, पटेल ते सॉकेट बसव, मी मध्ये तोंड घालणार नाही. पण पाचवी तार नको."

"आप्पा, पाचवी तार म्हणजे अर्थिंग आहे."

"नाव काय का असेना. ती लागली की आई जाते."

मी हातातला टेप गुंडाळला आणि त्यांच्याकडे नीट बघितलं. चेष्टा करत असतील असं वाटलं होतं. पण आप्पा हिंगमिरे चेष्टा करणाऱ्यातले नव्हते. कपाळाला विभूती, अंगात पांढरा सदरा, आणि माझ्याशी बोलतानाही हात मशीनच्या दिशेनं जोडलेले.

कुपवाडच्या एमआयडीसीत त्यांचा डब्यांची पत्र्याची झाकणं बनवायचा कारखाना होता. त्यांची शैला माझ्या वर्गातली, म्हणून मी त्यांना आप्पा म्हणायची. मी इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा करून सांगलीत वडिलांच्या दुकानात बसत होते, कारखान्यांची कामंही घेत होते. बाई माणूस बोर्ड उघडतंय म्हटल्यावर तेव्हा बघायला लोक जमायचे. मला त्याचा राग यायचा, आणि राग मला लवकरच यायचा. आता तीस वर्षांनी जरा कमी झालाय, पण त्यात माझं काही कर्तृत्व नाही, दम पुरत नाही एवढंच.

आप्पांनी बोलावलं होतं ते प्रेसची वायर बदलायला. वायर तापत होती, जळका वास मारत होती. तो वास म्हणे पावसाळ्यापासून येत होता, पण शेडमध्ये उदबत्त्या इतक्या लागायच्या की कोणाच्या लक्षातच आलं नाही.

उदबत्त्या प्रेसला लागायच्या. ही पत्रा दाबून कापणारी पॉवर प्रेस आप्पांनी एका बंद पडलेल्या कारखान्याच्या लिलावात घेतली होती. तिच्या अंगावर हिरवं लुगडं गुंडाळलेलं, वरच्या चाकाच्या जाळीला चांदीचे डोळे चिकटवलेले, पायाशी कुंकवाचा चिखल झालेला. समोर एक जाड लाकडी फळी. त्या फळीवर उभं राहून माणसं एकेक करून तिला हात लावत होती, हात लावला की शहारत होती, आणि समाधानानं बाजूला होत होती. मशीन चालू होती. एकीकडे खटॅक खटॅक झाकणं पडत होती, दुसरीकडे दर्शन चाललं होतं.

"ही झटकाई," आप्पांनी ओळख करून दिली. "नाव लोकांनी ठेवलंय. जागृत आहे."

सगळा इतिहास मला तिथंच उभ्या उभ्या ऐकायला मिळाला. प्रेस आली तेव्हा कारखाना बंद करायच्या बेतात होते. पहिल्याच दिवशी आप्पांनी तिला हार घालताना हात लावला आणि अंगातून झिणझिण्या गेल्या. दुसऱ्या दिवशी वनस्पती तुपाच्या डब्यांची मोठी ऑर्डर आली. तेव्हापासून रोज सकाळी आंघोळ करून आप्पा पहिला हात लावायचे. झिणझिणी मध्यम आली की दिवस बरा. जोरात आली की आई रागात आहे, त्या दिवशी कामगारांनी जपून बोलायचं. पावसाळाभर ती रागातच होती म्हणे.

"एका वायरमननं मध्ये शहाणपणा केला होता," आप्पा म्हणाले. "न विचारता पाचवी तार लावली. आई दोन दिवस गेली. त्या दोन दिवसांत एक ऑर्डर रद्द झाली आणि दस्तगीरची म्हैस आटली. मग मीच पक्कड घेऊन ती तार तोडली. तिसऱ्या दिवशी आई परत."

"म्हैस?"

"म्हैस नाही आली परत. ती विकली," दस्तगीर म्हणाला.

दस्तगीर मुजावर म्हणजे त्या प्रेसचा ऑपरेटर. त्यांचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या एका दर्ग्याची सेवा करणारं. हा भावांत थोरला नसल्यामुळे तिथली सेवा त्याच्याकडे आली नाही, ती इथं मिळाली. तो झाकणंही काढायचा आणि अंगाराही द्यायचा, आणि दोन्ही कामं मन लावून करायचा. मला तो माणूस आवडला, हे सांगितलं पाहिजे. संताप होता तो सगळा आप्पांवर.

त्या रांगेत सगळ्यात पुढं होते लाटकर मास्तर. हायस्कूलमधून निवृत्त झालेले, आम्हाला विज्ञान शिकवलेले. त्यांचा उजवा खांदा आखडला होता. झटकाईला हात लावल्यावर खांदा मोकळा होतो असा त्यांना अनुभव होता, आणि त्यांच्यामुळे सांगली-मिरजेतले आखडलेले खांदे दर शुक्रवारी कुपवाडला यायला लागले होते.

"मास्तर, तुम्ही तरी," मी म्हणाले.

"अगं, विजेचा झटका देऊन डॉक्टर पण खांदा मोकळा करतात," मास्तर म्हणाले. "तिथं नुसता खांदा मोकळा होतो. इथं खांद्याबरोबर पुण्य."

मी प्रेसच्या मागे जाऊन वायर बघितली आणि बघून कपाळाला हात लावला. मांडववाल्याकडं असते तसली ॲल्युमिनियमची कडक वायर. प्रेस दिवसभर हादरते, तिच्याबरोबर वायर हादरते, आणि जिथून ती मशीनच्या पत्र्यात शिरते तिथं घासून घासून तिचं सालटं निघालेलं. तिथल्या तेलकट काजळीतून, आणि आतल्या जुन्या, ओल धरलेल्या मोटरमधूनही, करंट पत्र्यात झिरपत होता, म्हणजे नुसती वायर बदलून भागणार नव्हतं. अर्थिंग असतं तर तो जमिनीत गेला असता. ते नव्हतं, म्हणून तो हात लावणाऱ्याच्या अंगातून जायला बघत होता, आणि लोक कोरड्या फळीवर उभे होते म्हणून आतापर्यंत नुसत्या झिणझिण्यांवर भागत होतं. सॉकेट तर घरात मिक्सरला लावावं तसलं, एका बाजूनं जळून काळं पडलेलं.

मी आप्पांना हे सगळं समजावून सांगितलं. ते मान डोलवत ऐकत होते, लहान मूल काहीतरी बडबडतंय तसं.

"आणि या शुक्रवारी उत्सव आहे," माझं संपल्यावर ते म्हणाले. "दुधाचा अभिषेक. फळी काढून फरशी धुवायची, रांगोळी घालायची. आईच्या समोर शैलाची ओटी भरायची. नवस बोललोय मी. पहिला हात तिचा, मग बाकीच्यांचा. म्हणून तुला घाईनं बोलावलं."

शैलाला सातवा चालू होता. ती बाळंतपणाला माहेरी आली होती. ओली फरशी, अनवाणी पाय, दुधानं भिजलेले हात, आणि ही बाई त्या पत्र्यावर तळवा टेकणार. मी मनात म्हटलं, आता बोलणं पुरे, या लोकांना दाखवूनच द्यावं.

पिशवीत झिरोचा बल्ब होता. त्याच्या होल्डरला दोन तारा जोडल्या. एकीचं टोक प्रेसच्या पायाला लावलं, दुसरीचं शेडमधल्या पाण्याच्या लोखंडी पाइपला धरलं.

"सगळ्यांनी बघा," मी म्हणाले. "या बल्बला मी लाइट कुठूनही दिलेली नाही. हा पेटला तर समजायचं, मशीनच्या अंगात करंट उतरलाय. आईबिई काही नाही."

बल्ब पेटला. मला वाटलं होतं त्याहून चांगलाच पेटला. मी वळून बघितलं. दस्तगीरनं डोक्यावरची टोपी सारखी केली आणि गुडघे टेकले. त्याच्यामागून दोघं-तिघं आडवे झाले. लाटकर मास्तरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला, आणि डाव्या हातानं उजवा हात उचलून नमस्कार केला.

"उज्ज्वला," आप्पा हात जोडून म्हणाले, "हा असाच ठेवता येईल का? कायमचा?"

"आप्पा, तुम्हाला कळतंय का मी काय म्हणतेय?"

"कळतंय. आजपर्यंत हात लावील त्यालाच कळायचं. आता लांबून पण दर्शन होईल."

कोणीतरी नारळ फोडला. दस्तगीरनं मला पहिला प्रसाद दिला आणि म्हणाला, "ताई, तुमच्या हाताला गुण आहे." मी ते खोबरं हातात धरून उभी राहिले. इतका राग आयुष्यात मला कधी आला नव्हता, आणि काढायला समोर एकही वाईट माणूस नव्हता.

शैला ऑफिसच्या खोलीत बसली होती. मी आत जाऊन दार ओढून घेतलं आणि तोंडाला येईल ते बोलले. तिचा बाप, ती मशीन, ते मास्तर, कोणाला सोडलं नाही. ती टेबलावर कोपर टेकून ऐकत होती. चेहरा सुजल्यासारखा दिसत होता.

"तू ओटी भरून घ्यायला नाही म्हण," मी म्हणाले. "तुझं ऐकतील."

"नवस मोडायचा?"

"शैले, मरशील तू. सरळ सांगते."

"आणि अर्थिंग लावलं तर?"

"तर काही नाही. डब्याला हात लावल्यासारखं."

"म्हणजे आई जाणार."

"नव्हतीच कधी."

"तुला काय माहीत गं," ती शांतपणे म्हणाली. "माझं दोनदा टिकलं नाही. दुसऱ्या वेळेला तर बाळाचं नाव पण ठरलं होतं. मग ही मशीन आली, आप्पा नवस बोलले, आणि या वेळी सातवा लागला. मी पण शिकलेली आहे उज्जू. कशानं काय होतं ते मला कळतं. पण मला आता कोणाशीच वाकडं घ्यायचं नाही. त्या मशीनशी नाही, आणि तुझ्या अर्थिंगशी पण नाही."

"दोन्ही कसं जमणार?"

"ते तू बघ. तू शिकलीस ना त्यातलं?"

असं म्हणून ती खिडकीबाहेर बघत बसली. दोन्ही हात पोटावर होते. मी आणखी काही बोलले असते तर ती रडली असती, म्हणून उठले. दुकानात परत येईपर्यंत एक गोष्ट पक्की झाली होती. करायचं, आणि न सांगता करायचं.

केबल निवडायला मला वेळ लागला नाही. हादरणाऱ्या मशीनला कडक वायर चालत नाही. तिला वाकेल, हलेल अशी बारीक तारांच्या पेडाची तांब्याची केबल लागते, वरून जाड रबर, तेलानं न कुजणारं. मोटर सुरू होताना चालण्यापेक्षा कितीतरी जास्त ओढते, म्हणून तारेची जाडीही त्या हिशोबानं. मशीनमध्ये शिरते तिथं तिला घट्ट धरणारी पितळी ग्लँड, म्हणजे परत घासायला नको. सॉकेट कारखान्याचं, स्प्रिंगच्या झाकणाचं, आत पाणी न जाणारं. मशीनच्या मागे खाली नाही, तर बाजूच्या खांबावर छातीच्या उंचीला, दुधाचा ओघळ पोचणार नाही असं. यात कोणाचं काही म्हणणं असायचं कारण नव्हतं. अडत होतं ते पाचव्या तारेवर.

दुकान बंद करताना मला सुचलं आणि मी एकटीच हसले. थ्री फेज मोटरला तीन फेज लागतात. चौथी तार, न्यूट्रल, तिला लागतच नाही. इथं ती होती ती फक्त प्रेसवर लावलेल्या छोट्या दिव्यासाठी. तो दिवा शेजारच्या बोर्डावरून वेगळा दिला की चौथी तार मोकळी झाली. आप्पांना पाचवी तार नको होती. पाचवी मी आणणारच नव्हते. चौथीचंच काम बदलून तिचं अर्थिंग करणार होते.

गुरुवारी उत्सवाच्या तयारीसाठी मशीन बंद होती. मी माल घेऊन गेले तेव्हा आप्पा स्टूल टाकून बसलेच होते. सॉकेट खोक्यातून काढलं तसे त्यांचे डोळे चमकले.

"लाल?"

"या व्होल्टेजला लालच येतं."

"कुंकवाचा रंग," ते म्हणाले, आणि मग बोट लावून भोकं मोजली. "चार. पाचवं नाही ना?"

"नाही."

प्लग उलटा करून त्यांनी पिनाही मोजल्या. मग केबलचं टोक सोलून आतल्या तारा मोजल्या. लाल, पिवळी, निळी, काळी. परत एकदा मोजल्या. आणि परत पिनांकडे आले.

"ही एक पिन जाड कशी?"

"ती आत जाताना सगळ्यात आधी लागते, आणि काढताना सगळ्यात शेवटी सुटते. म्हणून दणकट असते."

हे अक्षरशः खरं होतं. अर्थिंगची पिन तशीच करतात.

"घरातली थोरली असते तशी," आप्पा म्हणाले. त्यांना ती पिन फार आवडली. काळी तार पॅनेलच्या अर्थिंगच्या पट्टीला मी पान्यानं आवळत होते तेव्हा अंधार होता म्हणून बॅटरी त्यांनीच धरली होती. "नीट आवळ," म्हणाले. "सैल राहायला नको." मी म्हटलं, "नाही राहणार."

त्या दिवसापासून तिथंच लटकत असलेला झिरोचा बल्ब मी काढून पिशवीत टाकला. दस्तगीरनं विचारलं तर सांगितलं, चांगला पितळी होल्डर लावून आणते. करंट सोडून बघायला मात्र कोणी देईना. उत्सवाच्या आधी मशीन चालू करायची नाही, पहिला हात शैलाचा, असं ठरलेलं. मी मीटर लावून बघितलं, तार इथून तिथपर्यंत सलग होती. कामात काही खोट नव्हती. तरी त्या रात्री मी एकेक स्क्रू मनात परत आवळत पडून राहिले.

शुक्रवारी शेडमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. फळी काढलेली, फरशी धुऊन लख्ख, भोवती रांगोळी. आखडलेल्या खांद्यांची रांग फाटकाबाहेर गेली होती. शैला हिरव्या साडीत पाटावर बसली. पाच सवाशिणींनी ओटी भरली, खण, नारळ, तांदूळ, हळकुंड. मग तिला उठवून हातात दुधाचा तांब्या दिला. तिनं प्रेसवर दूध ओतलं. ते लुगड्यावरून, चांदीच्या डोळ्यांवरून, पत्र्यावरून वाहत खाली आलं आणि तिच्या अनवाणी पायांभोवती साचलं.

मी मेन स्विचपाशी उभी होते. "मी इथं थांबते, कामाचा भाग आहे," असं सांगून ती जागा मिळवली होती. हात खटक्यावर. काही झालं तर खाली ओढायचा.

आप्पांनी नारळ ओवाळला, खांबापाशी गेले, प्लगला हळदकुंकू लावलं आणि बटण दाबलं. मोटर घुमायला लागली. शैलानं माझ्याकडे एकदा बघितलं. मग ओला तळवा झटकाईच्या अंगावर टेकला.

काही झालं नाही. तिचा चेहरा तसाच. सगळी शेड त्या चेहऱ्याकडे बघत होती. आप्पांचे ओठ हलत होते. मी श्वास सोडला आणि मनात म्हटलं, जमलं, आता बोंब होईल ती होऊ दे.

आणि तेवढ्यात शैला दचकली. सबंध अंग हललं, तोंडातून "आई गं" निघालं आणि हात मागे आला. मी खटका खाली ओढला. मशीन थांबली, आणि शेडमध्ये जयजयकार झाला. मला तो ऐकूच आला नाही. तार सुटली, ग्लँड निसटली, माझ्या हातून ती मेली असती, एवढंच डोक्यात. मी लोकांना ढकलत पुढं गेले. ती उभी होती. रंग गेलेला, डोळे मोठे, पण उभी होती.

"कुठं लागला?" मी विचारलं. "हाताला?"

उत्तराची वाट न बघता मी परत स्विचपाशी पळाले, चपला काढल्या, खटका वर केला, आप्पांना बटण दाबायला सांगितलं. मशीन चालू झाल्यावर दुधाच्या थारोळ्यात अनवाणी उभं राहून आधी बोटाच्या मागच्या बाजूनं आणि मग सबंध तळव्यानं तिला हात लावला. काही नाही. गार पत्रा, हादरणारा, बस. मला काहीच कळेना.

कळेना ते लोकांनाही. लाटकर मास्तर पुढं झाले, हात लावला, थांबले, डोळे मिटून परत लावला. "लागत नाही," ते म्हणाले. दस्तगीरनं लावला. त्यानं दोन्ही हात लावले, कपाळ टेकलं, आणि वर बघितलं तेव्हा त्याचं तोंड कसनुसं झालं होतं. पाठोपाठ चार-पाच जण. कोणालाच काही नाही. कुजबुज सुरू झाली. आई गेली. आप्पा खांबापाशी गेले, प्लग उपसून काढला आणि पिना मोजल्या. चार. परत मोजल्या. चारच. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी त्यांच्याकडे बघितलं. आता उत्तर द्यायचं काय, याचा विचार करत होते.

उत्तर मास्तरांनी दिलं.

"थांबा," ते म्हणाले. वर्गात म्हणायचे तसंच, एक बोट वर करून. "पहिला हात कोणाचा? शैलाचा. तिला लागलं का? लागलं, सगळ्यांनी बघितलं. त्यानंतर कोणाला लागलं का? नाही. मग शक्ती गेली कुठं? ती नाहीशी तर होत नाही. इथून निघाली, तिथं गेली." आणि ते बोट त्यांनी शैलाच्या पोटाकडे केलं.

मग दस्तगीर शैलाच्या पाया पडला.

मी जन्मात इतकं भक्कम, इतकं मुद्देसूद आणि इतकं चुकीचं काही ऐकलं नव्हतं. पण ते सगळ्यांना पटलं. आप्पांना तर असं पटलं की ते भिंतीला टेकून रडायला लागले. आई लेकीच्या पोटी येतेय म्हटल्यावर मशीनचं काय घेऊन बसलात. लोकांनी प्रेसकडे पाठ फिरवली. मास्तरांनी शैलापुढं खांदा केला. ती भांबावली होती, तिनं बोटं टेकवली. मास्तरांनी हात वर नेला, कानापर्यंत, कानाच्याही वर. मग रांग हलली. फाटकाबाहेरचे खांदे आत यायला लागले.

शैलानं माझं मनगट धरलं. "मला कसंतरी होतंय, बाजूला ने," असं मोठ्यानं म्हणाली आणि मलाच ओढत पत्र्यांच्या गोदामात घेऊन गेली. दाराला आतून कडी घातली.

"उज्जू, अर्थिंग लावलंस का?"

खरं सांगितलं तर नवस मोडला. खोटं सांगायला जीभ वळेना.

"माझ्या गळ्याची शपथ. लावलंस का?"

"लावलं. चौथी तार होती ना, ती. रागव मला पाहिजे तर."

"नक्की? चुकून थोडा सुद्धा करंट आला नसेल? तुझी तार सैल राहिली असेल, काही झालं असेल?"

"सैल राहिली नाही," मी म्हणाले. "तू दचकल्यावर मी त्याच दुधात उभं राहून हात लावला. अगदी खरं सांगते, त्या मशीनमध्ये आता काहीही नाही. तुला लागलं ते काय, मला माहीत नाही. पण करंट नव्हता."

ती पत्र्याच्या थप्पीवर खाली बसली. दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि हुंदके द्यायला लागली. मी घाबरले. पाठीवर हात ठेवला, पाणी आणते म्हणाले. तिनं जाऊ दिलं नाही.

"मंगळवारपासून हललं नव्हतं गं," ती म्हणाली. "मागच्या वेळेला असंच झालं होतं. आधी हलायचं थांबलं, मग दवाखान्यात गेलो, मग त्यांनी सांगितलं. या वेळी मी गेलेच नाही. कोणाला बोलले पण नाही. म्हटलं, कोणी सांगेपर्यंत तरी आहे."

मी तिच्या शेजारी थप्पीवर टेकले.

"आत्ता हात लावला, काहीच लागलं नाही. म्हटलं, संपलं, आई गेली आणि हे पण गेलं. आणि आतून झटका बसला. इथं, बरगडीखाली. मग वाटलं, तुझंच काम चुकलं असेल. तू अर्थिंग लावलंच नसशील, आप्पांचं ऐकलं असशील. करंटच असेल तो. मी तिथं उभी राहून एवढंच म्हणत होते, देवा, करंट नसू दे."

"आधी दवाखान्यात चल," मी म्हणाले. "रिक्षा बोलावते. आत्ताच्या आत्ता."

"जाऊ. थांब जरा."

दारावर थाप पडली. "शैला," बाहेरून आप्पा म्हणाले, "बरं वाटतंय का बाळा? लोक खोळंबलेत. आणखी पुष्कळ खांदे आहेत."

शैलानं पदरानं नाक पुसलं. "आप्पा, त्यांना सांगा, आई कामात आहे," ती म्हणाली, आणि तिला हसू फुटलं. मग ते आवरेना.

तिनं माझा हात ओढून बरगडीखाली दाबून धरला. हाताला अजून दुधाचा आणि रबराचा वास येत होता. बराच वेळ काहीच नाही. बाहेर मास्तर कोणाला तरी आपला हात वर करून दाखवत होते, लोक वा वा म्हणत होते. शैला हसायची थांबली. मी पण श्वास धरून बसले.

मग आतून एक बसला, चांगला सणसणीत. मी हात मागे घेतला नाही.